नत्थूजींच्या पायांची शर्त

आमच्या नत्थूजींचे पाय थांबलेले कोणी पाहिले नव्हते. जेवताना, दाढी करवून घेताना, एवढंच काय, कोणाच्या मयतीला बसले तरी डावा खाली, उजवा वर, उजवा खाली, डावा वर. नागपुरात गोळीबार चौकामागच्या आमच्या गल्लीत घरोघरी हातमाग, त्यामुळे दिवसभर पाय हलवणारी माणसं ढीगभर होती. पण बाकीचे मागावरून उठले की त्यांच्या पायांनाही सुट्टी मिळे. नत्थूजींच्या पायांना तेवढी समज नव्हती. पोरगी पाहायला आमच्या घरी आले, तेव्हा पोहे संपेपर्यंत त्यांनी सारवलेल्या भुईला असा खळगा पाडला की पुढे कितीतरी वर्षं आमची कोंबडी त्यातच अंडी घालायची. ती पोरगी म्हणजे माझी बहीण रुख्माबाई, आणि कोंबडीही आमचीच, म्हणून सांगतो.

मागाखाली खड्डा असतो. विणणारा जमिनीवर बसतो, पाय खड्ड्यात सोडतो आणि खालच्या पावड्या दाबतो. एक दाबली की निम्मे धागे वर, दुसरी दाबली की बाकीचे वर, आणि मधून धोटा इकडून तिकडे पळतो. नत्थूजींच्या घरचा खड्डा त्यांच्या आज्यानं खणलेला. आज्या त्यात बसला, बाप बसला, मग नत्थूजी बसले. त्यांचा एकुलता एक मुलगा गुलाबचंद मात्र त्यात उतरला नाही. तो मशिनी दुरुस्त करायला शिकला आणि मॉरिशस नावाच्या बेटावर स्वेटरच्या कारखान्यात नोकरीला लागला. ते बेट म्हणजे समुद्राच्या मधोमध डोंगरानं आग ओकून ओकून वर काढलेली जमीन, असं तो पत्रातून कळवायचा. आम्ही म्हणायचो, असेल बापा.

अठ्ठ्याहत्तर साली पोळा झाला आणि गुलाबचंद घरी आला. येतानाच विमानाची तिकिटं घेऊन आला.

"बाबूजी, आता पुरे झालं," तो म्हणाला. "तुम्ही अन् आई माह्यासंगं चाला. तिथंच राहा. हा खड्डा बुजवू, वर फरशी टाकू."

नत्थूजींच्या हातातला धोटा हातातच राहिला. पाय चालूच.

"फरशी? माह्या आज्याच्या डोस्क्यावर फरशी टाकतं का बे?"

"आज्या तिथं हाये का आता?"

"नाई तं कुठी हाये?"

रुख्माबाई कोपऱ्यात चरख्यावर कांड्या भरत होती. धोट्यात बसवायच्या छोट्या कांड्यांवर सूत गुंडाळणं हे आमच्यात बायांचं काम. तिला कोणी विचारलंही नव्हतं.

बापलेकाचं दिवसभर वाजलं. गल्लीतले लोक आपापले माग थांबवून ऐकत होते. संध्याकाळी नत्थूजी खड्ड्याच्या काठावर बसूनच म्हणाले, "ठीक हाये. मी तुह्यं बेट पाह्यतो. जिथं नेशीन तिथं येतो. तिथं माह्ये पाय एकदा जरी आपल्या मनानं थांबले, तं समज मी खड्ड्यातून निघालो. बुजवून टाक. नाई थांबले, तं या खड्ड्याचं नाव पुन्हा काढाचं नाई."

"मंजूर," गुलाबचंद म्हणाला.

"बाबाराव, तू साक्षीदार," नत्थूजी मला म्हणाले.

मी म्हणालो, "साक्षीदाराले संग न्याव लागते, जवाई. इथं बसून मी काय पाह्यन?"

अशा रीतीनं माझंही तिकीट निघालं. मला बायको नव्हती, त्यामुळे घरी अडवणारं कोणी नव्हतं.

एकच गोष्ट वाकडी झाली. मागावर ताणा चढलेला असताना विणकरानं गाव सोडू नये, असा आमच्यातला जुना नेम. ताणा म्हणजे लुगड्याचे उभे धागे. ते ताणून बसलेले असतात, माणसाची वाट पाहत असतात. अर्धं लुगडं टाकून गेलं की धागे ढिले पडतात आणि गाव सोडणाऱ्याच्या जिवाला तो ताण लागतो. नत्थूजींच्या मागावर लाल काठाचं हिरवं लुगडं अर्ध्यावर होतं. विमान काही लुगड्यासाठी थांबणार नव्हतं. नत्थूजींनी मागाला हात जोडले, धोटा हळूच कापडावर ठेवला आणि निघाले. सावनेरच्या पुढं कधी न गेलेला माणूस. नागपूर स्टेशनवर गाडीत बसल्यापासून त्यांच्या पायांनी जी चाल धरली, ती पाहून तिकीट तपासणारा म्हणाला, "बाबा, उतरून पळाल तं गाडीच्या आधी पोचाल."

मुंबईहून विमान उडालं. नत्थूजी खिडकीपाशी, पाय जोरात. पुढच्या खुर्चीतल्या पारशी बाई हलत्या खुर्चीत चहा पीत होत्या, तो चहा त्यांच्या तोंडाऐवजी कपाळाला लागत होता. हवाईसुंदरी आली आणि हसून म्हणाली, बाबा, कृपा करून पाय हलवू नका. नत्थूजी शब्दाचा मान राखणारा माणूस. त्यांनी दोन्ही गुडघे हातांनी घट्ट धरले. त्याबरोबर विमान असं खाली गेलं की पारशी बाईंचा चहा छताला लागला. बायका ओरडल्या. नत्थूजींनी घाबरून गुडघे सोडले, पाय सुरू झाले, विमान सरळ झालं. थोड्या वेळानं पायलटचा निरोप आला, की त्या धोतरवाल्या बाबांना त्यांच्या मनासारखं करू द्या आणि त्यांना संत्र्याचा रस एक पेला जास्त द्या.

"हे धरल्यासारखं झालं," मी साक्षीदार म्हणून सांगितलं. "आपल्या मनानं नाई थांबले. शर्तीत बसत नाई."

"माहीत हाये मामाजी," गुलाबचंद म्हणाला. तो पिवळा पडला होता.

गुलाबचंदचं घर क्युरपीप नावाच्या गावात, डोंगराच्या कुशीत, दुसऱ्या मजल्यावर. तिथे सारखी भुरभुर आणि धुकं. सून पुष्पलता मूळची उमरेडची, तीही विणकराच्या घरची, पण तिनं सासऱ्याचे पाय आजवर फक्त लग्नात पाहिले होते आणि लग्नात सगळेच घाईत असतात. पहिल्याच सकाळी तिच्या लक्षात आलं.

"मामाजी, कपाटातल्या बशा नाचून राहिल्या," ती मला हळूच म्हणाली. "एक तं उडी मारून खाली आली."

तिनं नत्थूजींच्या पायांखाली जाड घोंगडी दुमडून ठेवली. दोन दिवसांत त्या घोंगडीची पुन्हा लोकर झाली.

खालच्या मजल्यावर एक म्हातारी मडम राहत होती, पोपट पाळणारी. तिच्या कुळातल्या जुन्या माणसांनी सांगून ठेवलं होतं म्हणे, की झोपलेला डोंगर पुन्हा जागा होण्याआधी जमिनीतून ठोके देतो, आधी डावीकडून, मग उजवीकडून. सकाळी तिच्या छताला ठोके ऐकू आले. डावा, उजवा. तिनं पोपटाचा पिंजरा उचलला, चांदीचे चमचे झग्याच्या खिशात कोंबले आणि चर्चकडे पळत सुटली. तिच्यामागे पाववाला, पाववाल्यामागे शाळेच्या मास्तरणी, मास्तरणींमागे सगळा मोहल्ला. चर्चमध्ये घंटा वाजू लागल्या. गुलाबचंदला स्वेटर उलटं घालून धावत जावं लागलं आणि पाद्र्यापुढे हात जोडून सांगावं लागलं, "तो डोंगर नाही, ते माझे वडील आहेत."

घरी येऊन तो खुर्चीत कोसळला.

"आजपासून घरात बसाचंच नाई," तो म्हणाला. "बाहेरच फिरू."

आणि मग फिरणं सुरू झालं ते असं की मला त्या बेटाच्या आठवणीत एकही जागा नीट उभी दिसत नाही, सगळ्या पळताना दिसतात. गुलाबचंदनं कारखान्यातल्या कोणाची तरी जुनी गाडी आणली होती. उसाचे मळे पळाले, काळ्या दगडांच्या राशी पळाल्या, एक देऊळ पळालं. तो गाडी थांबवायचा, दार उघडायचा, बापाच्या पायांकडे पाहायचा, दार लावायचा आणि पुढे निघायचा. धड काही पाहू दिलं नाही. मोठ्या पानांच्या कमळाचं तळं होतं. एवढ्या मोठ्या पानावर लेकरू निजवता येईल, असं मी म्हणेपर्यंत आम्ही फाटकाबाहेर होतो.

"गुलाब, मले कमळ पाह्यचं होतं रे," रुख्माबाई म्हणाली.

"आई, बाबूजीचे पाय थांबले नाई तिथं. मंग कायले थांबाचं?"

"म्हणजे याहीचे पाय थांबतीन तवाच माह्ये डोये उघडतीन का?"

पण हे तिनं पुटपुटत म्हटलं आणि गाडीचं इंजिन फार आवाज करायचं.

समुद्रावर गुलाबचंदला मोठी आशा होती. निळं पाणी, पांढरी वाळू, पायाखाली मऊ. नत्थूजींनी धोतर वर खोचलं आणि ओल्या वाळूवर उभे राहिले. पाय सुरूच. बघता बघता वाळू उडू लागली आणि ते खाली जाऊ लागले, घोट्यापर्यंत, मग गुडघ्यापर्यंत, मग कमरेपर्यंत. कमरेपर्यंत गेल्यावर त्यांनी काठावर बूड टेकलं, पाय खड्ड्यात सोडले आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांचं तोंड हसरं झालं. लाटा त्यांच्याकडे येत होत्या आणि ते उजव्या हातानं एक लाट इकडे, डाव्या हातानं एक तिकडे अशा सारत होते. खरं सांगतो, त्या दिवशी त्या किनाऱ्यावरच्या लाटा सरळ येईनात, आडव्या जायला लागल्या. दोन होड्या एकमेकींवर आपटल्या. फोटो काढणाऱ्या गोऱ्या बाया गोळा झाल्या.

"बाबूजी, निघा," गुलाबचंद ओरडला. "खड्ड्यातून काढाले आणलं तुमाले, तुम्ही इथं बी खड्डा केला!"

"मस्त जागा हाये गा," नत्थूजी म्हणाले. "माग आणू इथं."

शामारेल नावाच्या गावात मातीचे सात रंग आहेत. तांबडी, तपकिरी, जांभळी, पिवळी, निळसर, अशा लाटांसारख्या टेकड्या, आणि एका रंगाचा कण दुसऱ्या रंगात जात नाही. तिथे मात्र नत्थूजी गडबडले. कुंपणावरून वाकून त्यांनी चिमूटभर तांबडी माती घेतली, थुंकी लावली आणि आपल्या धोतराच्या सोग्यावर घासली.

"काय करून राहिले जी?" रुख्माबाई म्हणाली.

"रंग पक्का हाये का पाह्यतो. गांधीबागेतला रंगवाला असा जांभळा देत नाई. दोन धुण्यात उतरते त्याचा."

"हे माती होये."

"मंग रंग काय आभायातून येते?"

राखणदारानं शिटी मारली. नत्थूजींनी निरागसपणे धोतराचा सोगा लपवला. त्यांचे पाय थांबले नव्हतेच, उलट दुप्पट वेगानं चालू झाले होते. हिरव्या लुगड्याला हा जांभळा काठ लावला तर कसा दिसेल, ते त्यांच्या पायांना कळून चुकलं होतं आणि पायांना नागपुरास जायची घाई झाली होती.

बेट संपत आलं. आमचे दिवसही संपत आले. गुलाबचंदचे गाल बसले. झोपेत त्याचेही पाय हलू लागले, असं पुष्पलतानं मला सांगितलं.

"अवो, आता काय राह्यलं?" तिनं नवऱ्याला विचारलं.

"काई नाई राह्यलं."

"आपल्या वरचा खड्डा दाखवला का?"

घराशेजारची वस्तू पाहुण्याला कोण दाखवतो? क्युरपीपच्या डोक्यावरच तो डोंगर होता. गुलाबचंद रोज त्याच्या पायथ्यानं कारखान्यात जायचा. त्यानं खांदे पाडले आणि आम्हाला गाडीत भरलं.

डोंगराच्या माथ्यापर्यंत सडक होती. पोचलो तर डोंगराला माथाच नाही. माथ्याच्या जागी गोल, खोल, उतरता खड्डा. आमची अख्खी गल्ली, माग, माणसं, बकऱ्या धरून आत ठेवली असती तरी वर झाकण लावता आलं असतं. आत झाडी माजली होती आणि तळाशी पावसाचं हिरवट पाणी साचलं होतं. धुकं एका काठावरून उतरत होतं, दुसऱ्या काठावर चढत होतं.

"इथून आग निघाली बाबूजी," गुलाबचंद थकल्या आवाजात म्हणाला. "त्यातून हे बेट झालं. आता थंड हाये. लय जुनी गोष्ट."

नत्थूजी काठावर उभे राहून आत पाहत होते. मी रुख्माबाईच्या हातातल्या पुड्यातले शेंगदाणे खात होतो. खाता खाता मला वाटलं, काहीतरी कमी झालंय. घरातलं घड्याळ बंद पडल्यावर होतं तसं. मी खाली पाहिलं. नत्थूजींचे पाय थांबले होते.

गुलाबचंदनंही पाहिलं. त्याचं तोंड आनंदानं उघडलं, आणि बापाचा चेहरा पाहून तसंच मिटलं.

"गुलाब," नत्थूजी म्हणाले, "हा कोणाचा होता गा?"

"कोणाचा म्हणजे? ज्वालामुखी हाये बाबूजी."

"खड्डा हाये नं? एवढा खड्डा कोणी बिनाकामाचा खणते का? बसत असंन कोणीतरी. हे सारं त्यानंच इणलं असंन. ऊस, डोंगर, थे सात रंगाचे पट्टे. मंग उठला अन् गेला. त्याच्यामागं कोणी बसलंच नाई. पाह्य, झाडं उगवली. पाणी साचलं."

आम्हीही वाकून आत पाहिलं.

"बुजवून टाक," नत्थूजी म्हणाले. "माह्यामागं कोण बसते त्यात? तू बसत नाई. उद्या भीत पडंन, पाणी भरंन, बेंडक्या होतीन. असा उघडा नोको ठेवू. त्यापरीस फरशी बरी."

शर्त जिंकलेला माणूस इतका पडलेल्या तोंडाचा मी पाहिला नव्हता. गुलाबचंदनं बापाचा हात धरला.

"राहू द्या बाबूजी. मी नाई बुजवत. आपण घरी..."

"शर्त म्हणजे शर्त. बाबाराव, सांग. थांबले का नाई?"

मी जन्मात क्वचितच करतो ते केलं. जे दिसलं तेवढंच सांगितलं. "थांबले, जवाई. आपल्या मनानं."

"झालं का तुमचं बापलेकाचं?" रुख्माबाईनं पुडा गुंडाळून कमरेला खोचला. "शर्त याहीच्या पायाची होती. माह्या पायाची शर्त कोणी घातली जी? खड्ड्यात मी बसीन."

नत्थूजी गर्रकन वळले. "बाईमाणसानं खड्ड्यात पाय घालू नाई वं. आपल्यात चालत नाई."

"चालत नाई? तुम्ही चौकात पान खायाले जा, गप्पा झोडत बसा, अन् घरी या तं लुगडं वीतभर वाढलेलं राहे. ते कोण वाढवे?"

"आज्या," नत्थूजी ताबडतोब म्हणाले.

ही गोष्ट अख्ख्या गल्लीला ठाऊक होती. नत्थूजी घरी नसले की त्यांचा आज्या येऊन मागावर बसतो, हे ते स्वतःच छाती फुगवून सांगत. चौकातून येताना आज्यासाठी एक पान बांधून आणत आणि खड्ड्याच्या काठावर ठेवत. पुढच्या वेळी पाहावं तर पान गायब. मीसुद्धा दोन-चारदा त्या खड्ड्याला नमस्कार केला होता.

"आज्या!" रुख्माबाई म्हणाली. "पान बी आज्यानंच खाल्लं असंन. सुपारी लय राहे त्यात. किती डाव वाटे सांगाव, का आज्याले कमी सुपारीचं लागते म्हणून."

पुष्पलतानं तोंडाला पदर लावला. गुलाबचंद आईकडे पाहतच राहिला.

"अन् इतवारीतले लुगडी घेणारे शेटजी ज्या काठावरून हात फिरवत, वाहवा करत..." नत्थूजींचा आवाज बारीक झाला. "थो काठ?"

"थो माह्या."

"मले वाटे आज्याचा हात हाये."

"आज्याचा हात ढिला होता. सासूबाई मले सांगत."

नत्थूजी काठावरच्या दगडावर बसले. त्यांनी एकदा त्या भल्यामोठ्या खड्ड्यात पाहिलं, एकदा बायकोच्या पायांकडे पाहिलं. चपला झिजलेल्या, अंगठ्यापाशी फाटलेल्या. इतक्या वर्षांत ते पाय त्यांनी पाहिले होते की नाही, मला शंका आहे.

"सांगितलं काहून नाई?" ते म्हणाले.

"सांगितलं असतं तं बसू दिलं असतं का?"

नत्थूजी धोतराचा सोगा चाचपू लागले. उत्तर माझ्याकडे होतं, पण मला कोणी विचारलं नाही.

"मंग आई," गुलाबचंद चाचरत म्हणाला, "बाबूजीनं काय कराचं?"

"कांड्या भराव्या. शिकतीन. डोकं बरं हाये त्याहीचं, पायातच अडकलं होतं."

"मी? कांड्या?" नत्थूजी उठले. "चौकात लोक काय म्हणतीन?"

"म्हणतीन आज्या भरते."

हे ऐकून मी इतका हसलो की शेंगदाणा नाकात गेला आणि पुष्पलतानं माझ्या पाठीत बुक्की मारली. हसणं थांबलं तेव्हा रुख्माबाई गाडीपाशी पोचली होती. इतके दिवस ती मागच्या बाकावर खिडकीला चेपून बसायची. आज तिनं पुढचं दार उघडलं आणि गुलाबचंदच्या शेजारी बसली. नत्थूजी मुकाट्यानं मागे आले, माझ्या आणि सुनेच्या मधे.

गुलाबचंदनं गाडी सुरू केली. त्याचा चेहरा आता सैल झाला होता, हरल्याचा की जिंकल्याचा ते त्यालाच ठाऊक.

"आई, तुले कमळाचं तळं पाह्याचं होतं नं? चाल, नेतो. आज सावकाश पाहू. वाटंत धबधबा बी हाये."

रुख्माबाईनं लुगड्याचा पदर कमरेला आवळला. तिचा उजवा पाय गाडीच्या पत्र्यावर आपटू लागला होता, मग डावा.

"तळं काई पळून जात नाई," ती म्हणाली. "आधी तिकिटाच्या हापिसात घे. आधीची तारीख भेटते का पाह्य. थे हिरवं लुगडं ढिलं पडून राह्यलं तिकडं. चाल लवकर, दाब पावडी."